नवा नळ, बारीक धार : सातव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

नेरुळमधली तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत. सातव्या मजल्यावरच्या घरात स्वयंपाकघराचं काम निघालं. जुना ओटा फोडून नवा ग्रॅनाइट बसला, खाली ट्रॉल्या आल्या. सिंकवर भिंतीतून येणाऱ्या साध्या नळाच्या जागी ओट्यावर उभा राहणारा, उंच मानेचा, डोकं ओढून बाहेर काढता येणारा सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच दांडीने गरम-थंड पाणी सोडणारा नळ, आला. पहिल्या दिवशी धार बरी वाटली. चार-पाच दिवसांत ती करंगळीएवढी झाली आणि आठवड्याभरात पाच लिटरचं पातेलं भरायला साडेतीन मिनिटं लागू लागली. हाच नळ का घेतला, तेही नोंदवण्याजोगं आहे. याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नातलगांकडे तो आहे आणि तिथे झकास चालतो.

निदानं तीन झाली. प्लंबर म्हणाला, "काकू, नळातच फॉल्ट आहे, कंपनीला कळवा." कंपनीच्या माणसाने सिंकखाली जेमतेम डोकावून सांगितलं, "वरून प्रेशरच नाही, पंप लावून घ्या." शेजाऱ्यांचं मत पडलं की सध्या पालिकेचंच पाणी कमी येतंय. तिघांपैकी कुणीही बादली आणि घड्याळ हातात घेतलेलं नव्हतं.

पालिकेचं पाणी आणि नळाची धार

तिसरं मत आधी निकालात काढू, कारण ते सगळ्यात जास्त ऐकू येतं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं. ते सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग डाऊनटेकच्या पाइपांनी घराघरांत उतरतं. म्हणजे पालिकेच्या लाइनीतला दाब खालच्या टाकीपाशीच संपतो. पाणी कमी आलं तर गच्चीची टाकी रिकामी पडेल, नळ कोरडा होईल. पण टाकीत पाणी आहे आणि धार बारीक आहे, तर पालिकेचा त्यात हात नाही. थेट जोडणी असलेली बैठी घरं आणि रो-हाउस याला अपवाद.

नळापाशी जो दाब मिळतो तो फक्त उंचीचा. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि नळाचं तोंड यांत जितके मीटर, तितकंच बळ. साधारण १०.२ मीटर उंची म्हणजे १ बार. सातवा मजला गच्चीला सगळ्यात जवळ म्हणून तिथे बळ सगळ्यात कमी. लोकांना हे उलटं वाटतं: टाकी डोक्यावरच तर आहे, मग पाणी जोरात नको का यायला?

पहिली मोजणी

एक लिटरचं खुणा असलेलं मापटं, पाच लिटरची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढंच सामान लागलं. लिव्हर पूर्ण उघडून थंड बाजूला टोकापर्यंत वळवलेला, घरातले बाकीचे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद. प्रत्येक मोजणी तीनदा करून मधला आकडा धरला.

नव्या नळातून एक लिटरला ४३ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १.४ लिटर. बाथरूमच्या नळाचं मिनिटाला १२ लिटर निघालं. ड्राय बाल्कनीत जुन्या पद्धतीचा साधा कॉक आहे, त्याचं ८ लिटर.

एवढ्यावरच टाकी, डाऊनटेक आणि घरात येणारी मुख्य लाइन निर्दोष ठरली. आता सिंकखाली शिरायचं. अँगल कॉक, म्हणजे भिंतीतल्या लाइनीवरचा काटकोनी छोटा कॉक, बंद केला, नळाची जोडनळी सोडवली, कॉकच्या तोंडाशी बादली धरली आणि कॉक पूर्ण उघडला. पाच लिटर भरायला ४३ सेकंद. तेच ४३ सेकंद, पण पाचपट पाणी. मिनिटाला ७ लिटर कॉकपर्यंत येतं आणि वर तोंडातून १.४ बाहेर पडतं, म्हणजे अडथळा जोडनळीपासून तोंडापर्यंतच्या दीड मीटरमध्ये आहे. पंपाचा सल्ला इथेच बाजूला पडला.

या ठिकाणी काही जण प्रेशर गेज लावतात आणि फसतात. पाणी थांबलेलं असताना गेज लावला तर तो टाकीच्या उंचीचा पूर्ण दाब दाखवतो, मग लाइन नव्वद टक्के चोक का असेना. अडथळा फक्त वाहत्या पाण्यात कळतो. घरगुती तपासणीला बादली गेजपेक्षा जास्त खरं बोलते.

तोंडाकडून मागे

जोडणीत शेवटी लागलेली वस्तू आधी उघडावी. कचरा वाहत जाऊन सगळ्यात बारीक जाळीवर अडतो, आणि ती जाळी बहुधा तोंडालाच असते.

नळाच्या डोक्यात दोन प्रकार होते, सरळ धार आणि फवारा. इथे एक उपयोगी खूण मिळाली. सरळ धार जाळीतून, म्हणजे आपले दुकानदार जिला फोम फ्लो म्हणतात तिच्यातून येते. फवारा वेगळ्या भोकांतून. जाळीच तेवढी तुंबली असती तर फवारा जोरात आला असता. इथे फवाराही मरतुकडा होता आणि त्याचं बटण दाबून सोडलं की आपोआप धारेवर परत येत होतं. ते बटण पाण्याच्याच दाबाने जागेवर टिकतं. म्हणजे जाळीच्याही मागे काहीतरी अडकलेलं होतं.

जाळी डब्यातल्या प्लॅस्टिकच्या चावीने निघाली. चावी हरवली असेल तर काही जाळ्यांना नाण्याची खाच असते. पकडीने थेट धरू नये, क्रोम सोलतो आणि आटे दबतात. आत सापडलं ते असं: टाइल्सच्या कामातली वाळू, सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) पाइप हॅक्सॉने कापताना पडणारे पिवळट-पांढरे कुरळे कीस, सॉल्व्हंट सिमेंटच्या सुकलेल्या पापुद्र्यांचे तुकडे आणि टेफ्लॉन टेपचे धागे. जुन्या ब्रशने उलट्या बाजूने घासून, उलट्याच दिशेने पाण्याखाली धरून साफ केली. परत बसवल्यावर लिटरला २९ सेकंद, म्हणजे मिनिटाला २.१ लिटर. फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग डोकं आणि त्याची लवचिक नळी यांचा सांधा सोडवला. नळी आत घसरून सिंकखाली जाते, म्हणून आधी तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवावा. या सांध्यात रबरी वॉशरसोबत शंकूच्या आकाराची बारीक जाळी असते आणि तिच्यामागे उलट प्रवाह रोखणारा लहानसा व्हॉल्व्ह. जाळीचा निम्मा भाग वाळूने भरलेला होता आणि टेफ्लॉनचा एक धागा व्हॉल्व्हच्या दांडीला गुंडाळलेला होता, त्यामुळे तो पूर्ण उघडतच नव्हता. दोन्ही साफ केल्यावर लिटरला २१ सेकंद. मिनिटाला २.८५.

पाणी वाढवायला हा व्हॉल्व्ह काढून फेकून द्यायचा सल्ला प्लंबर मंडळी सर्रास देतात. तो ऐकू नये. ओढून घेतलेलं डोकं सिंकमधल्या खरकट्या पाण्यात पडलेलं असताना कुणी गच्चीचा व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी केली, तर ते पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत खेचलं जाऊ शकतं. व्हॉल्व्ह त्यासाठीच आहे. साफ करायचा, परत बसवायचा, आणि बाणाची दिशा पाहून बसवायचा.

शेवटी अँगल कॉक. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तो काढला. आतल्या तोंडावर टेफ्लॉनचा बोळा आडवा आलेला होता. टेप पुरुषी आट्यांवर आटे आवळायच्या दिशेने गुंडाळतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा असतो, नाहीतर टेप भोकावर लोंबतो आणि तुटून आत जातो. ते इथे झालं नव्हतं. साफ करून आठ-दहा वेढ्यांनी पुन्हा बसवला. काढता-घालताना भिंतीतल्या ब्रासच्या आट्यांचा एल्बो जपायचा. तो सीपीव्हीसीत घट्ट केलेला असतो. जास्त जोर लावला तर टाइलमागे सांधा तडकतो आणि ते कळतं खालच्या घराचं छत ओलं झाल्यावर. जोडनळीच्या नटाला मात्र टेफ्लॉन लागतच नाही, तिथे रबरी वॉशर काम करतो. नळाच्या बुडाशी बसणारं नळीचं बारीक टोक ओ-रिंगवर बसतं, ते हाताने घट्ट करून पान्याने फक्त किंचित.

साफ कॉकमधून मिनिटाला १० लिटर आले. आधी ७ होते. आणि नळातून? लिटरला २० सेकंद. मिनिटाला ३.

तीन लिटरवर घोडं का अडलं

कॉकमधून तीन लिटर जास्त येऊ लागले आणि वर तोंडाशी वाढ झाली जेमतेम दीडशे मिलिलिटरची. इथून पुढे कितीही साफसफाई केली तरी उपयोग होणार नव्हता, आणि हे कळायला मोजायची टेप हातात घ्यावी लागली.

सातव्या मजल्याच्या फरशीपासून गच्चीपर्यंत २.९ मीटर. गच्चीपासून टाकीच्या तळापर्यंत २.४. त्या दिवशी टाकीत पाणी होतं ०.६ मीटर, म्हणजे अर्धी टाकी. बेरीज ५.९. नळाचं तोंड फरशीपासून १.१ मीटरवर. वजा केलं की उरतात ४.८ मीटर, म्हणजे ०.४७ बार.

आता नळाचा खोका. त्यावर लिहिलं होतं: मिनिटाला ८ लिटर, ३ बारला. आणि बारीक अक्षरात, किमान दाब १ बार. तीन बार म्हणजे तीस मीटरहून जास्त उंची. दाब आणि प्रवाह सरळ प्रमाणात नसतात, प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे चालतो. ०.४७ भागिले ३ म्हणजे ०.१५७, त्याचं वर्गमूळ ०.४, गुणिले ८ म्हणजे ३.२ लिटर. लाइन आणि कॉकचा वाटा वजा जाता ३ लिटर. नळ कंपनीने सांगितलं तेवढंच, तंतोतंत देत होता. कंपनीने सांगितलेलं दुकानात कुणी वाचलं नाही, हा भाग वेगळा. प्रवाह नियंत्रित करणारी रबरी कडी ज्या जाळीत असते, तिथे हे वर्गमुळाचं गणित जसंच्या तसं लागू पडत नाही. या नळात ती नव्हती.

डोक्यावरच्या ४.८ मीटरचा खर्च मांडला की चित्र स्पष्ट होतं. मिनिटाला ३ लिटर वाहत असताना अर्ध्या इंची पाइपात, एल्बोंसकट, जातात सुमारे ०.३५ मीटर. साफ कॉकमध्ये ०.१५. उरलेले ४.३ मीटर एकटा नळ त्याच्या जोडनळीसकट खातो: बारीक भोकाची जोडनळी, कार्ट्रिजच्या, म्हणजे लिव्हरखालच्या पाणी उघडबंद करणाऱ्या भागाच्या, चिरा, मानेतून वर जाऊन खाली येणारी लवचिक नळी, व्हॉल्व्ह, डोकं, जाळी. तुंबलेला कॉकही याच प्रवाहाला फार तर अर्धा मीटर जास्त खात होता. मोठा खर्च एकीकडे असताना लहान खर्चात काटकसर करून हाती काही लागत नाही. अशा घरात अर्ध्या इंचाची लाइन फोडून पाऊण इंच टाकायचा सल्ला मिळाला तर आधी हा हिशेब मांडावा. टाइल्स फुटतील आणि धार जिथल्या तिथे राहील.

दुसऱ्या मजल्याचं कोडंही इथेच सुटतं. पाच मजले खाली म्हणजे १४.५ मीटर जास्त, एकूण १९.३. उंची चौपट, तर वर्गमूळ दुप्पट: तोच नळ तिथे मिनिटाला सुमारे ६ लिटर देतो. दोन्ही घरं एका इमारतीत, एका टाकीवर, एकाच नळाची.

टाकी भरलेली की अर्धी, याला लोक फार महत्त्व देतात. या टाकीत पाण्याची उंची जास्तीत जास्त १.२ मीटर. पूर्ण भरलेली असो वा तळाशी आलेली, या नळाच्या धारेत फरक पडतो वरखाली सहा टक्क्यांच्या आसपास, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. सकाळी आठला धार पडते ती टाकी उतरल्यामुळे नव्हे, एका डाऊनटेकवरचे सगळे नळ एकदम उघडल्यामुळे.

गरम बाजूचं बूच

एक गोष्ट अजून तपासायची होती. स्वयंपाकघरात गिझर नाही. मिक्सरला दोन जोडनळ्या असतात. गरमच्या नळीला प्लंबरने बूच मारून ती ट्रॉलीमागे सोडून दिली होती. बूच मारलं हे बरोबर, नाहीतर लिव्हर मध्यावर येताच थंड पाणी कार्ट्रिजमधून उलटं त्या नळीत शिरून ट्रॉलीत सांडतं. पण वापरणारे लिव्हर सवयीने मधोमध ठेवतात. मध्यावर थंड बाजूची चीर अर्धीच उघडते आणि गरम बाजूकडून काहीच येत नाही. तशा स्थितीत मोजलं तर मिनिटाला २.४ लिटरच निघाले. म्हणजे घरच्यांना रोज जी धार दिसत होती ती नळाच्या कुवतीपेक्षाही कमी होती.

उपाय सरळ आहे: दोन्ही नळ्या थंड लाइनीवर घ्यायच्या. भिंतीतल्या आउटलेटवर ब्रासची तीन तोंडांची टी, तिला दोन अँगल कॉक, प्रत्येक कॉकवर एक नळी. प्युरिफायर वेगळ्या कॉकवर होता, त्याला हात लावला नाही. लिव्हर मधोमध ठेवला की पाणी दोन नळ्यांतून आणि कार्ट्रिजच्या दोन वाटांनी येतं. प्रत्येकीतून निम्मं पाणी, त्यामुळे तेवढ्या भागातला खर्च चौथ्या हिश्श्यावर उतरतो. लिटरला १७ सेकंद, मिनिटाला ३.५ लिटर. लिव्हर टोकाला नेला तर अर्थातच पुन्हा ३. घरच्यांना एवढंच सांगायचं की आता मधोमध हीच पूर्ण उघडी जागा.

हेच करताना ट्रॉलीच्या मागच्या फळीशी जोडनळ्यांना मोड पडत नाही ना, ते पाहिलं. ९० सेंटिमीटरची नळी घेऊन ती वेटोळं करून कोंबण्यापेक्षा मोजून ४५ किंवा ६० सेंटिमीटरची घ्यावी. स्टीलची जाळी वरून ठीक दिसते आणि आतलं रबर घडी पडून बंद झालेलं असतं. डोकं परत जागेवर ओढून घेणारं ओढत्या नळीवरचं वजनही गॅसच्या पाइपला किंवा कचऱ्याच्या डब्याला अडकत नाही याची खात्री करावी.

शेवटचा बदल जाळीचा. काही जाळ्यांच्या कडेवर प्रवाहाच्या वर्गाचं अक्षर असतं: युरोपीय मानकाप्रमाणे झेड म्हणजे ३ बारला ९ लिटरपर्यंत, ए म्हणजे १५ लिटरपर्यंत. पाणी वाचवणारी बारीक जाळी खालच्या मजल्यांना योग्य, तिथे दाब उधळायला भरपूर असतो. सातव्या मजल्यावर वाचवण्याजोगं काही नाही. जुनी जाळी दुकानात नेऊन त्याच मापाची, मोकळ्या प्रवाहाची घेतली. लिटरला १५ सेकंद. मिनिटाला ४ लिटर. जाळीत सुईने किंवा ड्रिलने भोकं मोठी करायचा उद्योग मात्र करू नये, धार तिरकी फुटते आणि शिंतोडे ओट्यावर येतात.

आकडे एका जागी ठेवू, लिटर दर मिनिटाला:

तक्रार आली तेव्हा १.४
जाळी साफ केल्यावर २.१
डोक्याच्या सांध्यातली जाळी आणि व्हॉल्व्ह साफ केल्यावर २.८५
अँगल कॉक साफ केल्यावर ३.०
दोन्ही नळ्या थंडवर घेतल्यावर ३.५
जाळी बदलल्यावर ४.०

जवळपास तिप्पट, तरी ड्राय बाल्कनीतल्या साध्या कॉकच्या निम्मं. याहून जास्त हा नळ या उंचीवर देऊ शकत नाही. भांडी धुवायला चार लिटर पुरतात, हंडा-पातेली भरायला कंटाळवाणे वाटतात. घरच्यांनी भरण्याची कामं ड्राय बाल्कनीतल्या कॉकवर नेली आणि नळ ठेवला.

पंप का नाही लावला

घरात बसणाऱ्या लहान बूस्टर पंपाला प्रवाह ओळखणारा स्विच असतो. नळ उघडल्यावर ठराविक पाणी वाहू लागलं की पंप चालू होतो. हा उंबरठा कंपनीनुसार मिनिटाला साधारण दीड-दोन लिटर. सुरुवातीच्या १.४ लिटरवर तो चालूच झाला नसता, किंवा घुर्र करून बंद पडत राहिला असता. आणि चालला असता तरी वाळू जाळीत आणखी घट्ट बसली असती. म्हणून पंप नेहमी साफसफाईनंतर, मोजून.

साफ झालेल्या नळावर पंपाने सहा मीटरची भर घातली तर एकूण १०.८ मीटर होतात आणि धार मिनिटाला सहा लिटरांच्या आसपास जाते. घरच्यांना हवाच असता तर तो फक्त स्वयंपाकघराच्या फाट्यावर बसला असता, स्वतःच्या व्हॉल्व्हनंतर, सोबत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह आणि बायपास लावून, म्हणजे वीज गेली तरी टाकीचं पाणी येत राहील. सामाईक डाऊनटेकमधून थेट ओढणारा पंप शेजाऱ्यांचं पाणी पळवतो आणि पाइपात हवा खेचतो. त्यावरून सोसायटीच्या सभेत जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वरच्या दोन मजल्यांची एकत्र तक्रार असेल तर गच्चीवर त्यांच्या वेगळ्या लाइनीला एकच दाबयंत्रणा बसवणं हा सोसायटीने करायचा, आणि जास्त शहाणपणाचा, उपाय. पालिकेच्या नळजोडणीला थेट मोटर लावणं हा मात्र नियमभंग आहे, मोटर जप्त होते.

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या उंच टॉवरमध्ये प्रश्न उलटा असतो. तिथे खालच्या मजल्यांना दाब जास्त होतो म्हणून मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. त्यांच्या आधीचा गाळणा तुंबला तर घरातले सगळेच नळ एकदम मंदावतात. एकच नळ मंद असेल तर नळ पाहायचा, सगळे असतील तर डक्टमधला व्हॉल्व्ह. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत जाळीवर वाळूऐवजी पांढरा थर चढतो. तो ब्रशने निघत नाही. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवून जाळी त्यात अर्धा तास ठेवावी. बाथरूमचं अ‍ॅसिड वापरलं तर थराबरोबर क्रोमही जातो.

हे टळलं कसं असतं

दोन जागी. एक, दुकानात. वरच्या दोन मजल्यांवरच्यांनी ओढता येणाऱ्या डोक्याचा नळ घेण्याआधी टाकीच्या पातळीपासून ओट्यापर्यंतची उंची मीटरमध्ये काढावी, दहाने भागावी, आणि खोक्यावरच्या किमान दाबाशी ताडून पाहावी. उत्तर अर्ध्या बारच्या आसपास आलं तर फिरत्या मानेचा साधा सिंक कॉक किंवा कमी दाबासाठी सांगितलेला मिक्सर घ्यावा. दुकानदार "चालतो हो सगळीकडे" म्हणेल. त्याला कितवा मजला ते सांगून, परत घेणार का, असं विचारावं.

दुसरी जागा जोडणीच्या आधीची. सीपीव्हीसीचं नवं काम सुकल्यावर, नळाची नळी लावण्यापूर्वी, अँगल कॉकही काढून लाइन उघडी बादलीत दोन मिनिटं वाहू द्यायची. मग कॉक बसवून पुन्हा अर्धा मिनिट. बादलीच्या तळाशी वाळू आणि कीस दिसतात ते नळात गेले असते. सोपं काम आहे, पण प्लंबरला निघायची घाई असते आणि बादली उचलायचा कंटाळा. त्याच्याकडून हे समोर उभं राहून करून घ्यावं. पहिल्या महिन्यात एकदा जाळी काढून पाहावी, आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर दर वेळी; टाकी धुताना ढवळलेला गाळ पहिल्या दोन दिवसांत खाली येतो. तेव्हा बाथरूमचा जाळी नसलेला नळ आधी सोडून पाणी स्वच्छ येऊ द्यावं, मगच स्वयंपाकघरातला उघडावा.

या घरात सिंकखालच्या दुसऱ्या कॉकला "थंड – गिझर लावल्यास काढणे" अशी चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. उद्या कुणी गिझर आणला आणि गरम लाइन तशीच त्या टीवर जोडली, तर लिव्हर कुठेही फिरवला तरी नळातून कोमटच पाणी येईल. आधी टी काढून दोन्ही नळ्या वेगळ्या कराव्या लागतील, आणि तेव्हा फक्त थंड बाजूची धार पुन्हा कमी होईल. नवी जाळी जागेवर राहणार असल्याने ती मिनिटाला साडेतीन लिटरांच्या आत-बाहेर धरावी.